परिचारिकांचा गौरव की परिचारिकांचा अधिकार?

दरवर्षी १२ मे रोजी देशातील लहानमोठ्या रुग्णालयांत एक ठराविक सोहळा पार पडतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या पेटवून शपथ म्हटली जाते, आणि 'परिचारिका हा रुग्णालयाचा कणा आहे' असे भाषण अधिष्ठाता किंवा व्यवस्थापकीय संचालक करतात. गुलाबपुष्पे वाटली जातात. एखादीला 'सर्वोत्कृष्ट परिचारिका' म्हणून प्रशस्तिपत्र मिळते. दुपारी पाळी बदलते आणि प्रशस्तिपत्र मिळालेली तीच परिचारिका चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटी उभी राहते. कण्याचा गौरव झालेला असतो. कण्यावरचा भार तसूभरही कमी झालेला नसतो.

अलीकडे या सोहळ्याला नवी परिभाषा लाभली आहे. खाजगी रुग्णालयांच्या साखळ्या चालविणारे भांडवलदार आणि त्यांचे व्यवस्थापनशास्त्री आता 'परिचारिकांचे सक्षमीकरण' आणि 'परिचारिकांच्या योगदानाची दखल' असे शब्द वापरू लागले आहेत. शिबिरे भरतात, पारितोषिके जाहीर होतात, भिंतीवर 'या महिन्याची परिचारिका' म्हणून छायाचित्र लागते. परंतु या साऱ्या थाटामाटात एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही: वॉर्डात किती परिचारिका असाव्यात, एकीवर किती रुग्ण सोपवावेत आणि तिची नेमणूक कायम असावी की कंत्राटी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे? ज्या सक्षमीकरणात या प्रश्नाला जागा नाही, ते सक्षमीकरण म्हणजे परिचारिकांच्या तोंडाला पुसलेली पाने होत.

ज्या बाईंच्या नावाने हा दिवस साजरा होतो, त्यांच्या चरित्राचीही अशीच सोयीस्कर कापाकापी झालेली आहे. हाती दिवा घेऊन रात्री सैनिकांच्या उशापाशी फिरणारी करुणामूर्ती तेवढी ठेवली गेली. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झालेल्या नाइटिंगेलबाईंनी मृत्यूंचे आकडे गोळा केले. जखमांपेक्षा घाण, दाटी आणि रोगराई यांनीच अधिक सैनिक मेले हे सिद्ध केले. आणि इंग्लंडच्या युद्धखात्याला त्या आकड्यांनी जेरीस आणले. राज्यकर्त्यांना अडचणीची असणारी ही हिशेब मागणारी बाई विस्मृतीत ढकलली गेली आणि निमूट दिवा धरणारी बाई पूजेला लावली गेली. परिचारिकेने दिवा धरावा, हिशेब मागू नये, हीच सत्ताधारी वर्गाची इच्छा आजही कायम आहे.

के. ई. एम. रुग्णालयाचा धडा

गौरव आणि अधिकार यांतील अंतर किती भीषण असू शकते, याचा धडा मुंबईच्या परळमधील के. ई. एम. रुग्णालयाच्या इतिहासात कोरलेला आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानभाग ही तरुण परिचारिका काम आटोपून कपडे बदलण्यासाठी रुग्णालयाच्या तळघरात गेली असताना तेथील एका कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याला बांधायच्या साखळीने तिचा गळा आवळला गेला, तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि ती जी अंथरुणाला खिळली ती १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत उठली नाही. आरोपीला खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी या गुन्ह्यांखाली सात वर्षांची सजा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही.

हल्लेखोराचे क्रौर्य हल्लेखोराचेच. पण एक परिचारिका कपडे बदलायला निर्जन तळघरात का जात होती, हा प्रश्न प्रशासनाचा होता. त्या वेळी मुंबईतील परिचारिकांनी संप केला तो याच प्रश्नावर. त्यांनी संरक्षण मागितले आणि माणसासारख्या सेवाशर्ती मागितल्या. देशाच्या आर्थिक राजधानीत, महानगरपालिकेच्या नामांकित रुग्णालयात, परिचारिकेच्या सुरक्षिततेसाठी संप पुकारावा लागला.

त्यानंतरच्या ४१ वर्षांत जे घडले त्याला जगाच्या वैद्यकीय इतिहासात तोड नाही. के. ई. एम.च्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी अरुणाला सांभाळले, भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. जिने अरुणाला चालता-बोलताना कधी पाहिले नव्हते अशा मुलींनीही तिला आपले मानले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगाला जी शय्याव्रणे हटकून पडतात, ती त्यांनी तिच्या अंगाला पडू दिली नाहीत. १९८० च्या दशकात महानगरपालिकेने तिला रुग्णालयाबाहेर हलविण्याचा घाट घातला, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. शिवाय अरुणाच्या जगण्या-मरण्याविषयी तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिचे आप्तेष्ट म्हणून रुग्णालयाच्या कर्मचारीवर्गाचाच आहे, असा निर्वाळा दिला.

या निकालाचा अर्थ नीट लक्षात घेण्याजोगा आहे. रुग्णाच्या जीवनमरणाविषयी बोलण्याची योग्यता रुग्णाजवळ अहोरात्र असणाऱ्यांच्या अंगी आहे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले. मग त्याच रुग्णालयात रात्रपाळीला किती परिचारिका हव्यात हे ठरविण्याची योग्यता त्यांच्या अंगी नाही काय? वॉर्डात आणखी रुग्ण घेतले तर आधीच्यांची निगा अशक्य होईल, हे सांगण्याची आणि ते ऐकले जाण्याची योग्यता नाही काय? जगण्या-मरण्याच्या बाबतीत ज्यांना आप्त म्हटले, त्यांना नोकरभरतीच्या बाबतीत परके ठरविणारी ही व्यवस्था तर्कदुष्ट तर आहेच, पण ती जाणूनबुजून तशी ठेवलेली आहे. कारण भरतीचा प्रश्न हा पैशाचा प्रश्न आहे, आणि पैशाच्या प्रश्नावर श्रमिकाने तोंड उघडू नये हा भांडवलशाहीचा पहिला नियम आहे.

परिस्थिती बदलली, असे म्हणावे तर ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात कामावर असलेल्या तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली. अरुणावरील हल्ल्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. विसाव्याची सुरक्षित जागा नसणे हे दोन्ही घटनांतील साम्य अंगावर काटा आणणारे आहे. देशभर संतापाची लाट उसळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांतील सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्या वेळी जाहीर झालेल्या नावांत वरिष्ठ सरकारी अधिकारी होते आणि नामवंत डॉक्टर होते. परिचारिका एकही नव्हती! रुग्णालयात रात्रंदिवस सर्वांत अधिक संख्येने ज्या स्त्रिया काम करतात, त्यांच्या सुरक्षिततेचा विचार त्यांना वगळून करता येतो, ही समजूत व्यवस्थेच्या हाडीमासी किती खोल रुजली आहे याचा याहून बोलका पुरावा कोणता?

वॉर्डातील हिशेब

भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ हिशेब मांडला तरी सत्य उघडे पडते. ज्या रुग्णाला स्वतः कूस पालटता येत नाही त्याला दर दोन तासांनी पालटावे लागते. चाळीस खाटांच्या वॉर्डात असे दहा रुग्ण असले आणि प्रत्येकाला पाच मिनिटे लागली, तर दर दोन तासांतील पन्नास मिनिटे या एकाच कामात जातात. उरलेल्या सत्तर मिनिटांत चाळीस जणांची औषधे, इंजेक्शने, सलाइन, रक्तदाब, तापाच्या नोंदी, लघवीचे मोजमाप, नवीन दाखल होणारे, घरी जाणारे, नातेवाइकांचे प्रश्न, डॉक्टरांची फेरी आणि या साऱ्याची लेखी नोंद, एवढे उरकायचे असते. एवढ्यात एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला की बाकीचे एकोणचाळीस देवाच्या हवाली. आणि पुढे रुग्ण खाटेवरून पडला, औषध चुकले, की 'कारणे दाखवा' नोटीस निघते ती परिचारिकेच्या नावे. पदे रिक्त ठेवणाऱ्या सचिवाच्या किंवा संचालकाच्या नावे ती निघाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

परिचारिकांची ही टंचाई कोणाला ठाऊक नव्हती असेही नाही. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. समितीने ५०० लोकांमागे एक हे ध्येय समोर ठेवले. पुढे १९५४ साली शेट्टी समिती आली, १९८९ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीचा अहवाल आला. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, वर रजेच्या भरपाईसाठी ३० टक्के अधिक पदे असावीत, असे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. अहवालांची चळत वाढत गेली. वॉर्डातील परिचारिकेच्या वाट्याला मात्र तीस-चाळीस रुग्ण कायमच राहिले, कारण या निकषांना कायद्याची नखे कधी दिलीच गेली नाहीत. निकष मोडणाऱ्या रुग्णालयाला शिक्षा नाही, दंड नाही.

परिचारिकांच्या संख्येचा रुग्णाच्या प्राणाशी थेट संबंध आहे, हे आता शास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली निष्कर्ष मांडला की, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेवर एकेक रुग्ण वाढत जातो तसतशी ३० दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पदे रिक्त ठेवून जो पैसा 'वाचविला' जातो, तो मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याचाच प्रकार होय.

भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही परिचारिकांनी या प्रश्नावर विजय मिळविला आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कॅलिफोर्नियातील परिचारिकांच्या युनियनने प्रदीर्घ लढा देऊन १९९९ साली कायदा करून घेतला. २००४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली: अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण वॉर्डांत, २००५ पासून, पाच रुग्णांमागे एक परिचारिका बंधनकारक. रुग्णालयमालकांच्या तालावर नाचून गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी ही तरतूद लांबणीवर टाकू पाहिली. परिचारिका वर्षभर रस्त्यावर उतरल्या, न्यायालयात गेल्या, आणि पडद्यावरच्या त्या महाबलीला माघार घ्यावी लागली. त्या परिचारिकांना हे प्रमाण प्रशस्तिपत्राबरोबर भेट म्हणून मिळालेले नव्हते.

वरून फुले, खालून कात्री

२०२० हे जागतिक आरोग्य संघटनेने 'परिचारिका आणि सुईणींचे वर्ष' म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी कोरोनाची महामारी आली आणि गौरवाच्या राजकारणाने कळस गाठला. २२ मार्च रोजी थाळ्या वाजविल्या गेल्या. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर पुष्पवृष्टी झाली. आणि जमिनीवर काय चालले होते? मुंबईतील एकाच खाजगी रुग्णालयात एप्रिलच्या आरंभी २६ परिचारिकांना कोरोनाची लागण झाल्याचे उघडकीस आले. संरक्षक पोशाखात तासन् तास पाणीसुद्धा न पिता राबणाऱ्या दिल्लीच्या 'एम्स'मधील परिचारिकांना कामाच्या तासांसाठी जूनमध्ये निदर्शने करावी लागली. मे महिन्यात कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतील सुमारे तीनशे परिचारिका राजीनामे देऊन मणिपूर आणि अन्य राज्यांतील आपापल्या घरी परतल्या. त्यांना 'पळपुट्या' म्हणणाऱ्यांनी त्यांचे पगार, त्यांची वसतिगृहे आणि 'कोरोना' म्हणून रस्त्यात त्यांना मारल्या जाणाऱ्या वंशद्वेष्ट्या हाका यांची चौकशी कधी केली नाही.

डिसेंबर २०२० मध्ये 'एम्स'च्या परिचारिका वेतनश्रेणीतील अन्यायाविरुद्ध संपावर गेल्या. नऊ महिन्यांपूर्वी ज्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या होत्या, त्यांच्यावर न्यायालयाच्या मनाईहुकुमाचा बडगा दुसऱ्याच दिवशी उगारला गेला. तामिळनाडूत महामारीच्या काळात नेमलेल्या सुमारे २,४०० कंत्राटी परिचारिकांना ३१ डिसेंबर २०२२ रोजी कंत्राट संपल्याचे सांगून घरी पाठविण्यात आले. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. येथे वैद्यांआधी परिचारिकांचा नंबर लागला.

याचाच दुसरा चेहरा त्याआधी कोलकात्यात दिसला होता. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तेथील एका बड्या खाजगी रुग्णालयाच्या तळघरात, ज्वालाग्राही सामान बेकायदा साठविलेल्या ठिकाणी आग लागली आणि धुराने कोंडून नव्वदच्या आसपास माणसे मेली. केरळच्या कोट्टयम जिल्ह्यातून आलेल्या दोन तरुण परिचारिकांनी आपल्या वॉर्डातील नऊपैकी आठ रुग्णांना बाहेर काढले. नवव्या रुग्णासाठी त्या परत आत गेल्या आणि आल्या नाहीत. त्यांच्या शौर्याचे पोवाडे सर्वांनी गायिले. पण तळघरात काय साठवायचे आणि काय नाही, याविषयी त्यांच्यासारख्या कर्मचाऱ्यांना कोणी कधी विचारले होते काय? जीव देण्याची मुभा होती. धोक्याविरुद्ध आक्षेप नोंदवून तो दूर करून घेण्याचा अधिकार नव्हता.

नाव 'ऑफिसर', नेमणूक कंत्राटी

२०१६ साली केंद्र सरकारने आपल्या रुग्णालयांतील 'स्टाफ नर्स' या पदाचे नाव बदलून 'नर्सिंग ऑफिसर' केले. महाराष्ट्रात तर अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी भारदस्त पदनामे फार पूर्वीपासून आहेत. पदनामाला प्रतिष्ठा असावी याविषयी दुमत नाही. परंतु 'ऑफिसर' म्हणविली जाणारी परिचारिका अकरा महिन्यांच्या करारावर, ठेकेदाराच्या मर्जीवर, निवृत्तिवेतनाविना नेमली जात असेल, तर ते नाव म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांच्या परिचारिका संपावर गेल्या त्या मुख्यतः ठेकेदारामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्धच. कायम पद असलेल्या परिचारिकेच्या शेजारी तेच काम करणारी, पण निम्म्या-पाव पगारावरची आणि उद्याची शाश्वती नसलेली परिचारिका उभी करायची, हा दोघींनाही दुबळे करण्याचा हुकमी डाव आहे. उद्या कामावरून काढली जाण्याची भीती असलेली स्त्री आजच्या गैरव्यवहाराविरुद्ध तोंड उघडू शकत नाही. म्हणूनच कायम नेमणूक ही रुग्णाच्याही संरक्षणाची बाब आहे.

'ऑफिसर' या शब्दात आणखी एक सापळा दडलेला आहे. परिचारिकेला अधिकारी म्हणून गोंजारायचे आणि आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांच्यापासून तिला वेगळे पाडायचे, ही व्यवस्थापनाची जुनी खेळी आहे. वस्तुतः रुग्णालयातील श्रमिकांना कायद्याचे जे संरक्षण मिळाले, ते मिळविण्याची सुरुवात वॉर्डातील नोकरवर्गाने केली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील नोकरांना सरकारने कामावरून कमी केले, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभेने दिलेल्या लढ्यातून १९६० साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: रुग्णालय हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' आहे. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलेला हा निकाल १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात फिरविला गेला आणि १९७८ साली, बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने पुन्हा प्रस्थापित झाला. सत्ताधाऱ्यांना तो कधीच पचला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय, सामाजिक व परोपकारी कार्य करणाऱ्या संस्थांना 'उद्योगा'च्या व्याख्येतून वगळण्यात आले आहे. धर्मादाय न्यासाची पाटी लावून पंचतारांकित बिले आकारणारी रुग्णालये या देशात थोडी नाहीत. रुग्णाकडून वसुली करताना धंदा आणि परिचारिकेने हक्क मागताच धर्म, अशी ही दुहेरी नीती आहे.

'सेवा' या शब्दाचे राजकारण

परिचारिकांच्या मागण्यांविरुद्ध एकच युक्तिवाद पुनःपुन्हा पुढे केला जातो: ही नोकरी नाही, सेवा आहे, संप केला तर रुग्ण मरतील. यातील मानभावीपणा उघडा पाडलाच पाहिजे. परिचारिका संपावर गेल्या की त्या 'अत्यावश्यक' ठरतात आणि मेस्मासारखे कायदे बाहेर काढले जातात. मग पगार ठरविताना, पदे भरताना, वसतिगृह बांधताना त्या अत्यावश्यक का ठरत नाहीत? संपाच्या दिवसांतील गैरसोयीचा हिशेब मांडला जातो. वर्षाचे ३६५ दिवस रिक्त पदांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा हिशेब कोण मांडतो? एका पाळीत चाळीस रुग्ण ही रोज चालणारी, सरकारमान्य हेळसांड आहे. तिच्याविरुद्ध आवाज उठविणारी परिचारिका रुग्णाची शत्रू नसून त्याची वकील आहे.

सेवेचा हा मुलामा मुख्यतः स्त्रियांच्याच श्रमावर का चढविला जातो, हेही समजून घेतले पाहिजे. घरातील स्त्रीचे कष्ट जसे मोलावाचून गृहीत धरले जातात, तसेच रुग्णालयातील शुश्रूषाही स्त्रीचा स्वभावधर्म मानून स्वस्त ठेवली जाते. त्यात परक्याच्या मलमूत्राला आणि रक्ताला स्पर्श करण्याचे काम जातिव्यवस्थेने हीन ठरविले. हा विटाळ झुगारून पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करता करता १८९७ साली सावित्रीबाई फुले यांनी प्राण ठेवला. त्यांच्या जयंतीला हार घालणारे राज्यकर्ते त्याच कामाची किंमत करताना मनुस्मृतीचा ताजवा वापरतात. वॉर्डात परिचारिकेला सर्वजण 'सिस्टर' म्हणतात. बहीण म्हणायचे, ओवाळून घ्यायचे, आणि तिने वाटणी मागितली की तोंड फिरवायचे, ही आपल्या समाजाची जुनी रीत रुग्णालयातही चालू आहे.

केरळने दाखविलेला मार्ग

ही कोंडी फुटते ती केवळ संघटनेने, हे केरळच्या परिचारिकांनी दाखवून दिले. शिक्षणासाठी घराने काढलेले कर्ज, त्यावर मालकांनी लिहून घेतलेले बाँड, अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे आणि हाती पडणारे महिन्याचे काही हजार रुपये, या वेठबिगारीविरुद्ध २०११-१२ मध्ये तेथील खाजगी रुग्णालयांत संपाचा वणवा पेटला. मालकांनी गुंड घातले, बडतर्फीच्या धमक्या दिल्या. परिचारिका हटल्या नाहीत. देशव्यापी दबावामुळे सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने शिफारस केली: २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयांत ते सरकारी वेतनाहून १० टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांत २५ टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे, आणि कोठेही ते महिना २०,००० रुपयांखाली नसावे. केंद्राने या शिफारशी राज्यांकडे धाडल्या आणि हात झटकले.

केरळच्या परिचारिकांनी मात्र कागदाची वाट पाहिली नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्यांनी पुन्हा आंदोलन उभारले. जुलैमध्ये २०,००० रुपये किमान वेतनाचे तत्त्व मान्य झाले. अंमलबजावणी रेंगाळताच त्यांनी लाँग मार्चची हाक दिली आणि एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना निघाली. मालकांनी लगेच न्यायालयाचे दार ठोठावले, हे ओघानेच आले. डावे सरकार असलेल्या राज्यातही परिचारिकांना रस्त्यावर यावे लागले, ही गोष्ट लपविण्याची गरज नाही. सरकार कोणतेही असो, संघटित रेट्यावाचून मालकवर्ग दमडी सोडीत नाही. आणि सरकार जितके श्रमिकांच्या जवळचे, तितके त्या रेट्याचे चीज लवकर होते, एवढाच त्याचा अर्थ.

कामगार चळवळीपुढील कार्य

या लढ्यात कामगार चळवळीनेही आपली उणीव ओळखली पाहिजे. गिरणी, बंदर, रेल्वे, बँक येथे बलाढ्य संघटना उभ्या राहिल्या. पण खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांकडे 'पांढरपेशा' म्हणून किंवा 'मुली लग्न करून जातील, परदेशी जातील' म्हणून दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. आज हजारो परिचारिका आखाती देशांत आणि युरोपात जातात त्या हौसेने नव्हेत. मायदेशातील वेतनावर शिक्षणाचे कर्ज फिटत नाही म्हणून. त्यांना येथेच सन्मानाने राबता यावे, हा साऱ्या श्रमिक वर्गाच्या हिताचा प्रश्न आहे, कारण सरकारी वॉर्डाच्या खाटेवर पडतो तो श्रमिकच.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९७७ साली परिचारिकांविषयीचा १४९ क्रमांकाचा करार संमत केला. परिचर्या सेवेच्या नियोजनात परिचारिकांचा सहभाग असावा आणि त्यांच्यासंबंधीच्या निर्णयांत त्यांचा सल्ला घेतला जावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारत सरकारने या करारावर मान्यतेची मोहोर उमटविलेली नाही. उलट २०२३ साली भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ चा कायदा रद्द करणारा नवा आयोगाचा कायदा संमत झाला. जुन्या परिषदेवर राज्य परिषदांनी निवडून दिलेल्या परिचारिका तरी असत. नव्या रचनेत सरकारी नेमणुकांचा वरचष्मा आहे. 'सक्षमीकरणा'चा डांगोरा पिटीत असतानाच निवडून देण्याचा तुटपुंजा अधिकारही आखडता घेतला जातो, यातच राज्यकर्त्यांचे अंतरंग दिसते.

म्हणून परिचारिकांच्या चळवळीने आणि तिच्या पाठीशी साऱ्या कामगार संघटनांनी पुढील मागण्यांवर एकजूट उभारली पाहिजे:

१. रुग्ण आणि परिचारिका यांचे प्रमाण कायद्याने ठरवावे. ते मोडणाऱ्या सरकारी व खाजगी रुग्णालयांच्या व्यवस्थापनास शिक्षा व्हावी.

२. कंत्राटी व ठेकेदारी भरती बंद करून सर्व रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. समान कामाला समान वेतन द्यावे.

३. २०१६ च्या समितीच्या वेतनविषयक शिफारशींना सर्व राज्यांत कायद्याचे बळ द्यावे. बाँड व प्रमाणपत्रे अडकविण्याची प्रथा हा दखलपात्र गुन्हा ठरवावा.

४. प्रत्येक रुग्णालयात परिचारिकांनी गुप्त मतदानाने निवडलेली समिती असावी. पाळ्या, नेमणुका, सुरक्षितता आणि वॉर्डाची क्षमता यांविषयीचा तिचा निर्णय व्यवस्थापनावर बंधनकारक असावा. धोक्याविरुद्ध लेखी आक्षेप नोंदविणाऱ्या परिचारिकेवर कारवाई करता येऊ नये.

५. प्रत्येक वॉर्डाजवळ सुरक्षित विसावा व कपडे बदलण्याची खोली, रात्रपाळीसाठी वाहन आणि पाळणाघर असावे.

६. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १४९ व्या करारास भारताने मान्यता द्यावी आणि औद्योगिक संबंध संहितेतील धर्मादाय रुग्णालयांना मोकळीक देणारी तरतूद रद्द करावी.

यांतील चौथी मागणी सर्वांत कळीची आहे. वेतनवाढ महागाई गिळून टाकते आणि सरकारी निर्णय पुढचे सरकार फिरविते. परंतु कामाच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार एकदा संघटित श्रमिकांच्या हाती आला की बाकीच्या मागण्यांचा पहारा त्या स्वतःच करतात. आणि हा अधिकार परिचारिका एकट्याने मिळवू शकणार नाहीत; आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, तंत्रज्ञ आणि निवासी डॉक्टर या सर्वांची एकजूट हीच त्याची पूर्वअट आहे.

पुढील १२ मे रोजी पुन्हा गुलाबपुष्पे येतील, भाषणे होतील. त्या दिवशी रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावर परिचारिकांनी आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून वॉर्डातील यच्चयावत श्रमिकांनी सभा घ्यावी, रिक्त पदांचा आकडा फलकावर लिहावा आणि व्यवस्थापनाकडे जाहीर हिशेब मागावा. हिशेब मागणाऱ्या नाइटिंगेलबाईंचे खरे स्मरण तेच होईल.